इस्लाम आणि ॲनिमेशनचा छंद: लेकीने जिवंत प्राणी काढावा की नाही?

वाळपईकर (धागाकर्ता)

सलाम, नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचक, आज प्रश्न घेऊन आलोय.

माझ्या लेकीला ॲनिमेशनचं वेड लागलंय. दहावीची परीक्षा झाली आणि ती मोबाइलवर फ्लिपाक्लिप उघडून बसली. आता मामाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रांचं सॉफ्टवेअर चालवते. आमच्या अंगणातलं मांजर गडग्यावर उडी मारतं, एवढंच एक दृश्य तिने केलं. दोन-तीन सेकंदांचं. पण उडीच्या आधी मागचं अंग कसं दबतं, शेपटी कशी उशिरा मागून येते, ते सगळं त्यात उतरलं होतं. मला चित्रातलं फारसं कळत नाही, तरी मी ते पुन्हा पुन्हा लावून पाहिलं.

तिने ते मोठ्या कौतुकाने दादीला दाखवलं. अम्मीने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, "बेटा, कयामतच्या दिवशी यात रूह (जीव) फुंक म्हणून सांगितलं, तर काय करशील?" रागावली नाही की आवाज चढवला नाही. पण तेव्हापासून लेकीने लॅपटॉप उघडलेला नाही.

अम्मीला गप्प करायला मला दलील नकोय. गावातल्या कितीतरी पोरींना तिने कुराण पढवलंय, तिचा अभ्यास माझ्याहून फार वरचा. आणि लेकीला "दादी जुन्या वळणाची आहे, तू काढ खुशाल" असं सांगणंही मला पटत नाही. तिला स्वतःलाच ते मनाला लागलंय, त्याची वासलात अशी लावता येत नाही. मला समजून घ्यायचंय की दीन, म्हणजे आपला धर्म, नेमकं काय सांगतो, उलेमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतभेद कुठे आहेत, आणि अशा मुलीला हा छंद प्रामाणिकपणे पुढे नेता येईल का.

एक विनंती. "तुमच्यात हे असंच" छापाचे प्रतिसाद नकोत. आमच्या घरी दखनी, शाळा मराठी, शेजार कोंकणी. आम्ही इथलेच आहोत.

तळीवरचे मास्तर

वाळपईकर बाब, धागा आवडला. मी फोंड्याचा, चित्रकलेचा शिक्षक होतो. धर्माच्या बाजूने बोलायचा माझा अधिकार नाही, पण वर्गातला अनुभव सांगतो. दर दोन-तीन वर्षांनी एखादे पालक येऊन हळूच सांगायचे, "सर, माणसं काढायला लावू नका." मी अशा मुलांना संकल्पचित्र आणि निसर्गचित्र द्यायचो आणि त्यांचे गुण कधी कापले नाहीत. त्यातला एक मुलगा माडांच्या झावळ्या अशा काढायचा की वारा कुठल्या बाजूचा आहे ते कळायचं.

एवढंच म्हणेन की त्या मुलीचा हात थांबू देऊ नका. काय काढावं हे ठरायला वेळ लागेल, तोवर हात चालू राहिला पाहिजे. या वयात सुटलेली सवय परत लागत नाही.

खाडीकाठची

वालेकुम सलाम, वाळपईकर भाई. मी मूळची दाभोळची, लग्नानंतर वास्कोत. वडील घरी शाफई फिकह (शाफई परंपरेचं धर्मशास्त्र) शिकवायचे, त्यामुळे हा विषय माझ्या कानावरून बऱ्याचदा गेलाय. मी आलिमा नाही. जे शिकले ते मांडते, शेवटचा शब्द तुमच्या भरवशाच्या आलिमांचा.

कुराणात "चित्र काढू नका" असा थेट हुकूम नाही. मनाई आहे ती अल्लाहखेरीज दुसऱ्या कुणाची इबादत करण्याची. सूरह अंबियामध्ये इब्राहीम अलैहिस्सलाम आपल्या वडिलांना आणि कौमला विचारतात की ज्या प्रतिमांपाशी तुम्ही एवढे चिकटून बसता त्या आहेत तरी काय. उलट सूरह सबामध्ये (३४:१३) सुलेमान अलैहिस्सलामांसाठी जिन्न ज्या वस्तू घडवत त्यांत प्रतिमाही येतात. ती आधीची शरीयत होती, आपल्याला लागू नाही, असं बहुतेक उलेमांचं म्हणणं.

सक्ती येते ती हदीसमधून, म्हणजे नबींच्या वचनांच्या नोंदींतून, आणि त्या रिवायती (सांगून आलेल्या नोंदी) कमजोर नाहीत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे की चित्रं बनवणाऱ्यांना कयामतच्या दिवशी म्हटलं जाईल, जे घडवलंत त्यात जीव घाला. तुमच्या अम्मींचा शब्द थेट तिथून आलाय. त्यामुळे त्यांना "जुन्या वळणाच्या" म्हणायला नाही गेलात हे फार चांगलं केलंत.

आता त्याच बाबतीतली एक रिवायत नीट वाचण्यासारखी आहे. एक माणूस हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडे येतो. म्हणतो, माझं पोट या हातांच्या कामावर आहे, मी ही चित्रं बनवतो. इब्न अब्बास त्याला नबी करीम सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांचा तोच इशारा ऐकवतात. माणसाचा चेहरा पिवळा पडतो, श्वास अडकतो. आणि मग इब्न अब्बास काय म्हणतात? हात तोड, धंदा सोड असं नाही. म्हणतात, बनवायचंच असेल तर झाड बनव, ज्यात रूह नाही ती कुठलीही वस्तू बनव. तुमच्या लेकीची आजची अवस्था मला त्या माणसासारखी दिसते. आणि त्याला तिथल्या तिथे वाट दाखवली गेली होती, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

दुसऱ्या बाजूलाही रिवायती आहेत. हजरत आयशा (रजि.) यांनी घरात चित्रांचा पडदा लावला होता, तो नबी (स.) यांना आवडला नाही. आयशांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या आणि त्या घरात वापरल्या गेल्या. म्हणजे मानाने टांगलेलं चित्र आणि पाठीखाली चुरगळलेलं चित्र यांत फरक झाला. आयशा लहानपणी बाहुल्या खेळत, मैत्रिणी जमवून, आणि नबी (स.) त्यांना खेळू देत. अबू दाऊदमध्ये आहे की त्यांच्या खेळण्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. नबींनी विचारलं, घोड्याला पंख? आयशा म्हणाल्या, सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे ऐकलं नाहीत का? नबी (स.) इतके हसले की दाढा दिसल्या. मुलींच्या शिकण्यासाठी असलेल्या बाहुल्यांना जम्हूर (बहुसंख्य) उलेमांनी परवानगी दिल्याचं काझी इयाज यांनी बाराव्या शतकातच नमूद केलंय. आजचे कितीतरी उलेमा मुलांच्या दीनी कार्टूनना हो म्हणतात, ते याच आधारावर कयास (तुलनेने निष्कर्ष) करून.

मतभेद कुठे, तर इथे. आमचे इमाम नववी (मृत्यू १२७७) सांगतात की सजीवाचं चित्र हरामच, मग ते कापडावर असो, नाण्यावर असो की भिंतीवर. सावली पडते की नाही याने फरक पडत नाही. पण हजरत अबू बक्र यांचे नातू कासिम बिन मुहम्मद यांच्यासारखे मदिनेचे मोठे फकीह (धर्मशास्त्रज्ञ) सपाट, सावली न पडणाऱ्या चित्राला ढील देत. मालिकी मजहबमध्येही (फिकहची आणखी एक परंपरा) बरेच जण मूर्तीला हराम आणि सपाट चित्राला मकरूह (नापसंत, पण हराम नाही) म्हणतात. शियांच्या मराजींपैकी, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरूंपैकी, आयतुल्लाह सीस्तानी सपाट चित्राला परवानगी देतात, पुतळ्याला नाही.

मला स्वतःला काय वाटतं ते सांगते. सगळ्या रिवायती एकत्र ठेवल्या की दोन गोष्टींची भीती दिसते: चित्राला मान देता देता ते पूजेला लागणं, आणि "मीही अल्लाहसारखं घडवतो" हा गर्व. मांजराच्या उडीत मला दोन्ही दिसत नाही. पण मजहब पाळणाऱ्या घरात दादीच्या सावधपणाला मोठी किंमत आहे, आणि ती किंमत ठेवूनही खूप काही करता येतं. इतर मंडळींनी त्यावर लिहावं.

मडगावचा मुसाफिर

खाडीकाठची आपा, रिवायती तुम्ही बरोबर मांडल्या. निष्कर्षाशी मी सहमत नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणता गर्व नाही, पूजा नाही, मग हरकत नसावी. पण इमाम नववींनी असा कारणावर हुकूम टांगलेला नाही. हदीसचे शब्द आम (सर्वांना लागू) आहेत, बनवणाऱ्याचं मन आत कसं आहे ते विचारत नाहीत. आणि ॲनिमेशनचं प्रकरण साध्या चित्राहून नाजूक आहे. साधं चित्र गप्प बसतं. ॲनिमेशन करणाऱ्याची सगळी मेहनत कशासाठी असते? पाहणाऱ्याला ते जिवंत वाटावं यासाठी. वाळपईकर भाईंनी स्वतः लिहिलंय, शेपटी मागून येते, अंग दबतं. त्या पोरीची कला तिथेच आहे आणि अम्मींना खटकलं तेही तिथेच. त्यांनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय.

दुसरं, सोयीचा फतवा शोधत एका मजहबमधून दुसऱ्या मजहबमध्ये फिरणं बरं नाही. ज्यांच्या मागे नमाज पढतो, ज्यांना बाकी सगळं विचारतो, त्यांनाच हेही विचारावं.

पण मी नाही म्हणायला आलेलो नाही. झाडं, पाणी, डोंगर, घरं, बोटी, पाऊस, नक्षी, खत्ताती (सुलेखन), यांत नववींसकट जम्हूर उलेमांच्या मते काहीच अडचण नाही. फळझाडांबद्दल ताबईन (नबींच्या सोबत्यांनंतरच्या) पिढीतल्या मुजाहिद यांचं नापसंतीचं मत नोंदलेलं आहे, पण ते एकटं पडलं. वाळपईत राहणाऱ्या मुलीला झाडं आणि पाणी यांची कमी आहे का?

पेडण्याची बाय

एक शंका, खरंच माहिती हवी म्हणून विचारते. मग आधार कार्डावरचा फोटो, लग्नाचा व्हिडिओ, व्हॉट्सॲपचा डीपी, यांचं काय?

खाडीकाठची

@पेडण्याची बाय, चांगला प्रश्न. ओळखपत्र, पासपोर्ट वगैरे जरूरतीसाठी, त्याला सगळेच परवानगी देतात. एरवीच्या फोटोवर मतं वेगळी. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं की कॅमेरा नवं काही घडवत नाही, अल्लाहने घडवलेल्याची सावली फक्त पकडून ठेवतो. देवबंदचे उलेमा मात्र फोटोलाही तस्वीरच (मनाई असलेलं चित्र) मानतात. कराचीचे मुफ्ती तकी उस्मानी यांची भूमिका अशी की पडद्यावरची डिजिटल प्रतिमा कागदावर छापली जात नाही तोवर ती तस्वीरच्या व्याख्येत बसत नाही. डिजिटल ॲनिमेशन करणारे बरेच जण याचा आधार घेतात. पण कॅमेऱ्याची दलील हाताने रेघ ओढणाऱ्याला जशीच्या तशी लागू होते का, हा प्रश्न उरतोच, आणि इथे मला मुसाफिरभाईंचं सावध राहणं समजतं.

दोनावर एक

मी म्हापशाचा, ॲनिमेशन हे माझं रोजचं काम. मुसलमान नाही, त्यामुळे हुकुमांवर बोलत नाही. पण मुसाफिरभाईंनी आमच्या कामाचं जे वर्णन केलंय ते इतकं अचूक आहे की त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. माणूस चालवायचा तर चार मुख्य स्थिती लागतात: पाऊल टेकलं, वजन पडून शरीर खाली आलं, मागचा पाय पुढच्याला ओलांडून गेला, शरीर वर उचललं गेलं. या चारांमधलं अंतर कुठे वाढवायचं, कुठे कमी करायचं, त्यावर चाल म्हाताऱ्याची की पोराची ते ठरतं. काढताना आम्हाला जिवंत काहीच दिसत नाही. दिसतात त्या रेघा, अंतरं आणि क्रमांक. प्ले थांबवलं की एक चित्र उरतं, बाकीची कुठे नसतातच. ते जिवंत नाही हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. पण पाहणाऱ्याला ते हलतंय, विचार करतंय असं वाटतं, आणि ते वाटावं म्हणूनच आम्ही रात्री जागतो, हेही तितकंच खरं.

आता छंदाच्या बाजूने. शिकायला प्राणी लागतच नाही. जगभरात पहिला धडा चेंडूचा असतो: उसळताना लांबतो, आपटताना चपटा होतो. दुसरा धडा अर्ध्या भरलेल्या पिठाच्या पोत्याचा. पोत्याला डोळे नाहीत, तोंड नाही, हात नाहीत, चार कोपरे तेवढे. त्या कोपऱ्यांवरून ते दमलंय की खूश आहे की घाबरलंय ते दाखवायचं. मांजराची उडी जिला जमली तिला पोतं जमेलच. शेपटी उशिरा येण्याची जी गोष्ट तिने पकडलीय, तीच वाऱ्यावरच्या झावळीची, ओल्या ओढणीची, दोरीला बांधलेल्या होडीची. तिचं कसब मांजरात अडकलेलं नाही.

शुद्ध आकारांचं ॲनिमेशन हीही एक अख्खी शाखा आहे. आठ कोनांचा तारा घ्या, त्याच्या रेघा वाढवत न्या, शेजारच्या ताऱ्याला भिडल्या की मधे आपोआप नवा आकार उमलतो. खत्तातीत बोरूच्या टोकाचा कोन आणि रेघेची दिशा यांवर फटकारा कुठे जाड, कुठे बारीक ते ठरतं. ती बदलती जाडी पडद्यावर आणणं मांजराहून अवघड आहे.

आता खाडीकाठची ताई आणि मुसाफिरभाई, दोघांना विचारतो: ते पोतं चालेल का?

मडगावचा मुसाफिर

पोतं हे पोतं आहे. त्याला चेहरा नाही, त्या रूपाचा कुठलाही जीव अल्लाहने घडवलेला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हरकत नाही. डोळे काढले की मात्र माझा जवाब बदलेल.

खाडीकाठची

यावर पुस्तकांतही आधार आहे. अबू दाऊद आणि तिर्मिजीमध्ये रिवायत आहे की फरिश्ते जिब्रील अलैहिस्सलाम घरात आले नाहीत, कारण आत प्रतिमा होती. त्यांनी सांगितलं की तिचं डोकं काढायला सांगा, म्हणजे ती झाडासारखी होईल. यावरून फकीह म्हणतात की ज्या अवयवाशिवाय जगणं शक्य नाही तो काढून टाकला तर हुकूम उरत नाही. इब्न कुदामा (मृत्यू १२२३) यांनीही असंच लिहिलंय. आजकाल दीनी पुस्तकांत बिनचेहऱ्याची मुलं दिसतात ती याच धाग्यावर, अर्थात नुसतं नाक-डोळे गाळणं पुरेसं की डोकंच हवं नाही, यावर वाद आहे.

दख्खनी रंग

इतका चांगला धागा क्वचित वाचायला मिळतो. वाचनखूण साठवली. मी चित्रकलेच्या इतिहासाचा वाचक, म्हणून थोडी भर, त्यातही गोव्याची.

बादशहा जहांगीरने मुकर्रब खान नावाच्या सरदाराला गोव्याला पाठवलं होतं, बंदरावर काय दुर्मीळ मिळेल ते आणायला. तो १६१२ मध्ये परतला तेव्हा त्याच्या सामानात एक टर्की पक्षी होता, पोर्तुगीजांच्या गलबतांतून इथवर आलेला. जहांगीरने तो बारकाईने पाहिला. त्याचं डोकं आणि गळा क्षणाक्षणाला रंग बदलतो हे त्याने आत्मचरित्रात लिहिलं. आणि पुढे लिहिलं की बाबराने प्राण्यांचं वर्णन केलं पण चित्रकारांना ते काढायला सांगितलं नाही. मी सांगितलं, म्हणजे ऐकणाऱ्याचं नवल वाढेल. उस्ताद मन्सूरचं त्या टर्कीचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. मानेवरच्या लाल मांसाच्या गाठी त्याने एकेक करून काढल्यात. गोव्याहून गेलेल्या एका पक्ष्याचं हे चित्र एका मुसलमान दरबारात, मुसलमान चित्रकाराच्या हातून झालं.

हलत्या चित्राच्या बाबतीत त्याहून जवळची गोष्ट म्हणजे सावल्यांचा खेळ. तेराव्या शतकात काहिऱ्यात इब्न दानियाल सावल्यांच्या खेळासाठी नाटकं लिहीत होता. पुढे तुर्कस्तानात करागोझ आला. त्यातल्या बाहुल्या उंटाच्या किंवा बैलाच्या कातड्याच्या, पारदर्शक केलेल्या, आणि अंगाला भोकं पाडलेली. अशी भोकं असलेला देह जगू शकत नाही, म्हणून ती सजीवाची प्रतिमा ठरत नाही, असं समर्थन त्याबद्दल दिलं जायचं. वरची डोक्याची रिवायत वाचली आणि ही जुनी गोष्ट एकदम उलगडली.

आणि आपल्या उंबऱ्याशी, कुडाळजवळच्या पिंगुळीला, ठाकर समाजाची चामड्याच्या बाहुल्यांची आणि चित्रकथीची (चित्रं दाखवत कथा सांगण्याची) परंपरा आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ चं पद्मश्री जाहीर झालं ते याच कामासाठी. विषय रामायणाचे, त्यामुळे तुमच्या घरच्या प्रश्नाला ते उत्तर नाही. पण दिव्यापुढे बाहुली जवळ-लांब केली की सावली कशी मोठी-लहान, धूसर-ठळक होते, हे शिकायला ॲनिमेशनच्या मुलीला यापेक्षा चांगली जागा जवळ नाही.

खाडीकाठची

फार सुंदर माहिती. एक मात्र स्पष्ट करते, वाळपईकर भाईंच्या घरी हा मुद्दा निघेल म्हणून. बादशहांनी काय केलं हा शरीयतचा पुरावा होत नाही. जहांगीर दारूही पीत होता, आणि तेही त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. अम्मींसमोर टर्की ठेवलात तर त्या हेच म्हणतील आणि त्यांचं बरोबर असेल. पण लेकीला ही गोष्ट जरूर सांगा. मुसलमानांच्या घरात चित्रकलेचं प्रेम कधी नव्हतंच असं तिच्या मनात बसायला नको. प्रेम होतं, भीतीही होती, आणि दोन्ही घेऊन लोक काम करत राहिले.

मडगावचा मुसाफिर

बादशहांबद्दल अनुमोदन. आणि एक हद्द इथे लिहून ठेवू: नबी (स.) आणि इतर अंबिया यांचं कुठलंही चित्र, कार्टून, ॲनिमेशन, कितीही चांगल्या हेतूने असो, नको. छंदाच्या चर्चेत ही गोष्ट मिसळू नये.

खाडीकाठची

त्यावर आपल्यात मतभेद नाही.

तळीवरचे मास्तर

दख्खनी रंग यांनी गोव्याचा विषय काढलाय तर सांगतो. आमच्या फोंड्याची साफा मशीद १५६० ची, आदिलशाही काळातली. तिच्या तळीत भिंतीला मेहराबीच्या आकाराचे कोनाडे आहेत. पावसाळ्यात पाणी वर चढतं तेव्हा त्यांचं प्रतिबिंब पडून वरची कमान खालच्या कमानीला मिळते आणि पूर्ण आकार तयार होतो. वाऱ्याने पाणी हललं की खालचा अर्धा मोडतो, वरचा तसाच राहतो. मी मुलांना तिथे स्केचिंगला न्यायचो. वाळपईकर बाब, एकदा लेकीला घेऊन या. कागदावर एक कमान स्थिर आणि एक मोडणारी, एवढ्यावर तिचा आठवडा जाईल.

वाळपईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी काय झालं ते सांगतो.

मी प्रिंट काढून नेली नाही, लेकीलाच मोबाइलवर सगळं वाचून दाखवायला सांगितलं. दोघी पडवीत बसल्या होत्या. इब्न अब्बासांची रिवायत आली तेव्हा अम्मी मधेच म्हणाली, "पुढचं मी सांगते," आणि झाडाचं वाक्य तिने स्वतः अरबीत म्हटलं. तिला ते अर्थातच येत होतं. फक्त त्या दिवशी तेवढ्यावर थांबली होती. पंखांच्या घोड्यापाशी हसली. मुसाफिरभाईंचा प्रतिसाद तिने दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, हा मुलगा बरोबर बोलतो.

तिचं मत बदललेलं नाही. मांजर नको, माणूस नको, पक्षी नको. बाकी सगळं कर, आणि केलंस की मला आधी दाखव. लेकीनेही ते मनापासून मान्य केलं, निदान आत्तापुरतं. मांजराची फाईल पुसायची का, असं तिने विचारलं. अम्मी म्हणाली, पुसू नको, पण पुढे करू नको. माझं स्वतःचं मत अजून आपांच्या बाजूला झुकतं, सपाट चित्र आणि शिकण्याचा हेतू यांना ढील असावी असं मला वाटतं. लेक मोठी होईल, स्वतः वाचेल, आलिमांना विचारेल आणि ठरवेल. मी तिच्या वतीने आज ठरवणार नाही.

काम मात्र सुरू झालंय. म्हादईवर छोटी फिल्म करायची म्हणते. सत्तरीत पाऊस सुरू होतो, ओहोळ भरतात, पाणी कुळागरांतून खाली येतं, मांडवी होतं आणि बेतीच्या फेरीबोटीखालून समुद्राला मिळतं. एकही जीव काढायचा नाही. अडचण फेरीबोटीवर आली: बोट आहे आणि माणसं नाहीत, तर ती भुताची वाटते. यावर तिने स्वतःच तोड काढली. कॅमेरा वरून. पाऊस आहे, म्हणून बोटीवर नुसत्या छत्र्या. काळ्या, एक लाल, एक फाटकी. त्या सरकतात, एकमेकींना जागा देतात.

मुसाफिरभाई, छत्र्या चालतील ना? आणि दोनावर एक, तिचा निरोप आहे: पाऊस सुया पडल्यासारखा दिसतो आणि नदीचं पाणी वाहण्याऐवजी चादर ओढल्यासारखं सरकतं. काय करायचं?

मडगावचा मुसाफिर

छत्र्या बेशक चालतील. तोड ऐकून खूप बरं वाटलं. अम्मींना माझा सलाम सांगा.

दोनावर एक

वरून छत्र्या ही कल्पना मला सुचली असती तर मी आठवडाभर मिरवलो असतो. एक सुचवतो: प्रत्येक छत्रीला वेगळी चाल द्या. घाईतली छत्री पुढे कललेली, म्हाताऱ्याची दर पावलाला किंचित डोलणारी, गप्पा मारणाऱ्या दोन छत्र्या कडा भिडवून. वर चालीच्या ज्या चार स्थिती लिहिल्या, त्यांतलं खाली-वर वरून दिसत नाही, म्हणून ते छत्रीच्या कडेच्या झुकण्यातून दाखवायचं.

पाऊस: सगळे थेंब एका लांबीचे आणि एका वेगाचे आहेत, म्हणून सुया दिसतात. तीन थर करा. जवळचा लांब, फिकट, वेगवान, मधला मध्यम, लांबचा नुसता धूसर पडदा, जवळजवळ स्थिर. थेंब पडताना कमी दाखवा, आपटताना जास्त. कौलावरचा शिंतोडा, पानावरची थरथर, डबक्यातलं वर्तुळ. पाऊस लोकांना तिथे दिसतो.

नदी: सगळं पाणी एका वेगाने सरकवू नका. मध्यभागी वेगवान, काठाला मंद, खडकामागे उलटं फिरणारं. प्रवाहाच्या रेघा एका टोकाला जन्मतात आणि मधेच विरतात, काठापासून काठापर्यंत एकसंध ओढू नका. प्रत्येक रेघेचं आयुष्य सात-आठ चित्रांचं ठेवा, आणि सगळ्या एकदम सुरू करू नका. क्रिटामध्ये कांद्याच्या पापुद्र्याचं (Onion Skin) बटण चालू ठेवलं की मागची-पुढची चित्रं फिकट दिसतात, त्यावर अंतरं तपासता येतात.

फाईल इथे उघड्यावर टाकू नका, मुलगी लहान आहे. तुमच्या खात्यातून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी पाण्याचे दोन सेकंद पाठवा, रंग न भरता, नुसत्या रेघांत.